परकं इंजिन, घरची चेसिस

अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ कळमनुरीवरून जातो. हळदीचा हंगाम आला की पोत्यांनी लादलेले ट्रक इथून हिंगोली, वसमत, नांदेडच्या बाजारांकडे निघतात. गाळप सुरू झालं की ऊस डोंगरकडा इथल्या साखर कारखान्याकडे वळतो. आखाडा बाळापूर ओलांडून वारंगा फाटा गाठला की नागपूरकडची आणि लातूरकडची वाहतूक येऊन मिळते. या रांगेतल्या जुन्या गाड्यांपैकी कुठल्याही गाडीच्या इंजिनाचं कूळ शोधायला घ्या, ते बहुधा जर्मनीतल्या स्टुटगार्टला, इंग्लंडमधल्या लेलँडला, जपानला किंवा अमेरिकेतल्या कोलंबस नावाच्या गावाला जाऊन पोहोचतं.

टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ साली डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. त्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असे. १९६९ साली करार संपला, तारा उतरला, इंजिनाची जात मात्र तीच राहिली. मिस्त्री ज्याला ‘सहाशे सत्त्याण्णव’ म्हणतात त्या टाटाच्या इंजिनाचं नावच त्याचं माप सांगतं: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. ही दोन्ही मापं मर्सिडीजच्या ‘ओएम ३५२’ या इंजिनाशी तंतोतंत जुळतात. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या डॉज आणि फार्गो ट्रकांत इंग्लंडच्या पर्किन्सचं डिझेल इंजिन बसे. अशोक लेलँड आधी ब्रिटिश लेलँडच्या आणि १९८० च्या दशकात जपानच्या हिनोच्या इंजिनाकडे वळली. त्याच दशकात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निसान या चार जपानी कंपन्यांनी भारतीय भागीदारांबरोबर छोटे ट्रक आणले. त्यातला निसानचा ट्रक आपल्या शेजारच्याच जहिराबादला तयार होई. १९९३ साली टाटा आणि कोलंबसची कमिन्स यांची संयुक्त कंपनी निघाली.

परदेशी इंजिनाला भारतीय रस्त्यानं कधी नाही म्हटलं नाही. कायद्याला पडणारा प्रश्न निराळा आहे: ते इंजिन त्या चेसिसवर बसवलं कोणी? कारखान्यानं बसवलं तर ती नवी गाडी. मालकानं गॅरेजमध्ये बसवलं तर तो गुन्हा होऊ शकतो. मला ही रेषा बऱ्याच अंशी योग्य वाटते. ती ओढताना एकाच ट्रकवर पोट असणाऱ्या माणसासाठी एकही दार ठेवलं गेलं नाही, हे मात्र योग्य वाटत नाही.

इंजिनबदल हा मुळात आडमार्गाचा धंदा नव्हता. फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे कंपनी काढली, ती वेगानं फिरणारी आणि हलकी डिझेल इंजिनं बनवण्यासाठी. दुसऱ्यांच्या पेट्रोल गाड्यांतली इंजिनं काढून तिथे आपली डिझेल इंजिनं बसवणं हा त्या कंपनीच्या व्यवसायाचा मोठा भाग होता. पुढे हीच इंजिनं मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत तयार होऊ लागली. महाराष्ट्रात हाच प्रवास महिंद्रच्या जीपनं केला. विलिस जीपचं पेट्रोल इंजिन खेड्यातल्या मालकाला परवडेना, तेव्हा कंपनीनं आधी आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची जीप काढली. मग १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून त्यांचं डिझेल इंजिन इथे बनवलं. कंपनी जे रीतसर करत होती, तेच गावोगावचे मिस्त्री आपल्या हातानं करत होते. पेट्रोलच्या जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन, कुठे ट्रॅक्टरचं, कुठे पंपाचं. पेट्रोल आणि डिझेलच्या भावांतली दरी मोठी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त होईपर्यंत ती बरीचशी टिकून होती. तेवढ्या फरकात इंजिनबदलाचा खर्च भरून निघे.

आणि कायदाही आड येत नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ मूळ रूपात सौम्य होतं. मालकानं बदलाची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आणि मंजुरी घ्यायची. अधिकाऱ्यानं सात दिवसांत काही कळवलं नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जाई. २००० सालच्या दुरुस्तीनं हे कलम पार बदललं. आता ते सांगतं की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल कोणत्याही मालकानं गाडीत करू नये. मोजपट्टीच बदलली. पूर्वी आरसी बुकाशी ताळा घ्यायचा आणि आरसी बुकात नवी नोंद करून घेता यायची. आता ताळा कारखान्याच्या कागदाशी आहे आणि तो कागद मालकाच्या किंवा आरटीओच्या हातात नाही.

आता समजा, कळमनुरीतल्या एका मालकाकडे पंधरा वर्षं चाललेला सहाचाकी ट्रक आहे. चेसिस सरळ, बॉडी शाबूत, बँकेचा हप्ता फिटलेला. इंजिन मात्र धूर सोडतंय, ऑइल पितंय. मिस्त्री सांगतो, बांधायला काढलं तर क्रँक, लायनर, पिस्टन, हेड, सगळंच लागेल. त्याच वेळी कुणीतरी सुचवतं की मुंबईच्या कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुनं जपानी इंजिन मिळतंय, कमी चाललेलं, टर्बोचं. इथून पुढे त्या मालकासमोर काय काय उभं राहतं ते क्रमानं पाहू. आधी लोखंडाच्या अडचणी, कारण त्या कळल्याशिवाय कायद्याची काळजी समजत नाही.

पहिली गाठ पडते ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर. इंजिनाच्या मागच्या तोंडाला फ्लायव्हील, त्यावर क्लच आणि ते सगळं झाकणारं बेल हाउसिंग. मोठ्या इंजिनांच्या हाउसिंगसाठी अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेले मापांचे क्रमांक आहेत. कमिन्ससारख्या कंपन्यांची इंजिनं त्या मापांत मिळतात. छोट्या जपानी ट्रकांच्या इंजिनांना प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं माप. म्हणून मिस्त्री लेथवर मधली जाड प्लेट कातून घेतो: एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. प्लेट कातणं अवघड नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं अवघड आहे, आणि इथली चूक सुतात नव्हे, थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, मोजावी लागते. काही थाऊंचा फरक राहिला तरी गाडी सुरू होते, गावात फिरते, मालक खूश होतो. काही हजार किलोमीटरनंतर क्लच प्लेटच्या स्प्रिंगा तुटतात, क्रँकच्या टोकाचं छोटं बेअरिंग जातं, गिअरबॉक्स ओरडायला लागतो. मग गिअरबॉक्स बदलला जातो आणि दोष मूळ जागी तसाच राहतो.

दुसरी अडचण खाली असते. इंजिनाच्या तळाशी ऑइलचा चेंबर, त्याचा खोल भाग काही इंजिनांत पुढे, काहींत मागे. ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या अगदी जवळून जातो. भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की अ‍ॅक्सल वर उचलला जातो आणि चेंबरवर बसतो. हे टाळायला मिस्त्री इंजिन वर उचलून बसवतो. इंजिन उचललं की मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, आणि क्रॉस लवकर झिजतात. एक अडचण सोडवली की ती दुसरीकडे डोकं काढते, कारण ट्रकमधला प्रत्येक भाग शेजारच्या भागाची जागा धरून बसवलेला असतो.

तिसरी गोष्ट वेगाची. जुनं टाटाचं इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण ताकद देतं आणि मागचा डिफरन्शिअल त्याच हिशोबानं बनवलेला असतो. हलक्या जपानी ट्रकचं इंजिन यापेक्षा वरच्या फेऱ्यांत खुलतं. ते जड ट्रकला जोडलं की खालच्या फेऱ्यांत दम धरत नाही. चालक ते सतत वर ताणतो. डिझेल वाचवण्यासाठी केलेला बदल डिझेल खायला लागतो. उलट, ताकद जास्त असलेलं इंजिन जोडलं तर तो जोर क्लच, शाफ्ट आणि अ‍ॅक्सलला सोसावा लागतो, आणि त्यांचे कारखान्यात ठरलेले आकडे कमी असतात.

आणि मग ब्रेक. इंजिनबदलाच्या गप्पांत ताकद येते, अ‍ॅव्हरेज येतं, ब्रेक क्वचित येतो. जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा इंजिनावर बसवलेला कॉम्प्रेसर भरतो. कॉम्प्रेसर किती मोठा, तो किती फेऱ्यांवर चालतो, टाकी किती मिनिटांत भरते, सलग ब्रेक दाबले तर दाब किती उतरतो, हे सगळं त्या विशिष्ट इंजिनाशी बांधलेलं गणित असतं. हलक्या ट्रकांच्या कितीतरी इंजिनांवर हवेचा कॉम्प्रेसर नसतोच. तिथे डायनामोच्या मागे व्हॅक्यूमचा छोटा पंप असतो, कारण त्या गाड्यांचे ब्रेक ऑइलवर चालतात आणि व्हॅक्यूम फक्त पायाला मदत करतो. असं इंजिन जड चेसिसवर बसवायचं म्हणजे बाहेरून ब्रॅकेट ठोकून, पट्ट्यावर कॉम्प्रेसर लावायचा. पट्टा सैल झाला, तुटला, ब्रॅकेटला तडा गेला, तर टाकी भरणं थांबतं. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. लक्षात येतं ते घाटात, मागे भरलेला माल असताना. त्या क्षणी ट्रकसमोर जो असतो त्याला इंजिन कुणाचं याच्याशी काहीच देणंघेणं नसतं. इंजिनबदलाला कुलूप लावणाऱ्या कायद्याची बाजू मला जिथे पूर्ण पटते ती जागा ही.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं त्या मानानं सोपं आहे. मराठवाड्यातला कुठलाही पंपवाला ‘मायको’ हे नाव ओळखतो. बॉशची ही भारतीय कंपनी १९५१ साली बंगलोरला निघाली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनतात. जुने जपानी पंपही बरेचसे बॉशच्याच घराण्यातले. पण कॉमन रेलचं इंजिन आलं की सगळंच बदलतं. तिथे पायाखालच्या पेडलला तार नसते, सेन्सर असतो. इंजिनाचा संगणक गाडीच्या बाकीच्या संगणकांशी बोलतो, चावी ओळखतो, नोझल कधी आणि किती वेळ उघडायचं ते ठरवतो. असं इंजिन एकटं आणलं तर ते सुरूच होत नाही. वायरिंग, संगणक, पेडल, मीटर, सगळं सोबत हवं, आणि व्होल्टेजही जुळायला हवं, कारण काही गाड्या १२ व्होल्टच्या आणि काही २४ व्होल्टच्या.

समजा, आपल्या मालकानं हे सगळं निभावून नेलं. मिस्त्री तरबेज निघाला, ब्रेकही नीट बसले. आता गाडी पासिंगला हिंगोलीला न्यायची आहे. व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं, त्यामुळे हे टळत नाही. निरीक्षक चेसिसचा क्रमांक पाहतो, मग इंजिनाचा. आरसीवर एक क्रमांक, ब्लॉकवर दुसरा. ब्लॉकवर कंपनीचं नावही वेगळं.

मालक म्हणेल, नोंद बदलून द्या, फी भरतो. ती नोंद का होत नाही याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी दिलं. प्रकरण केरळमधलं होतं. तिथल्या उच्च न्यायालयानं गाडीतल्या बदलांबाबत मालकाला मोकळीक देणारा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षी संसदेनं मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि कलम १८२-अ आणलं. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंजिन बदलताना गिअरबॉक्सचा जोड, रेडिएटर, सायलेन्सर असं बरंच काही बदलतं.

निर्मात्याच्या तपशिलाला इतकं वजन कशासाठी, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ साठी. कोणतंही नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनीला त्याचा नमुना ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. त्यातल्या तीन संस्था महाराष्ट्रातच आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तिथे इंजिन डायनामोमीटरवर चढवलं जातं, धुरातले घटक मोजले जातात, गाडीचे ब्रेक, दिवे, आवाज तपासले जातात. प्रमाणपत्र मिळतं ते त्या इंजिनासह त्या गाडीला. इंजिन बदललं की ते प्रमाणपत्र त्या गाडीपुरतं निरर्थक होतं, आणि नवं मिळवायचं तर परीक्षेचा खर्च कंपनीसारखाच. कंपनी तो हजारो गाड्यांवर वाटून टाकते. आपल्या मालकाकडे एकच गाडी आहे.

इथे गॅरेजात हमखास येणारा युक्तिवाद असा: पीयूसी तर निघतंय, मग प्रदूषणाचा प्रश्न कुठे? डिझेल गाडीचं पीयूसी फक्त धुराचा काळेपणा मोजतं. डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत, आणि डिझेलच्या धुरातलं एक मोठं विष तेच. जड वाहनांच्या इंजिनासाठी बीएस-४ मध्ये त्यांची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली. बीएस-६ ची पातळी गाठायला सायलेन्सरच्या जागी एक छोटा रसायन कारखानाच बसवावा लागला: काजळी अडवणारा फिल्टर, त्यामागे युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण फवारणारी यंत्रणा, आणि दोन्हींवर नजर ठेवणारे सेन्सर. अशा गाडीत जुनं परदेशी इंजिन टाकणं म्हणजे ही सगळी यंत्रणा काढून फेकणं. जुन्या, बीएस-२ किंवा ३ च्या ट्रकबाबत हा आक्षेप तितका टोकदार नाही. उलट कमी चाललेलं इंजिन तिथे कमी धूर सोडू शकेल. कायदा हा फरक करत नाही, आणि तो करायला हवा असं मला वाटतं.

इंजिन आलं कुठून, हा आणखी एक फास. जुन्या वस्तूंच्या आयातीवर परराष्ट्र व्यापार धोरणाची बंधनं आहेत. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती मुंबईच्याच बंदरातून यायला हवी, इतक्या अटी आहेत. भंगार बाजारातल्या परदेशी इंजिनाबरोबर बहुधा कस्टमचं बिल ऑफ एंट्री येत नाही. येतो तो एखादा साधा कागद. त्या इंजिनाचा क्रमांक चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस शेवटच्या मालकाच्या दारात उभे राहतात. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिल्याच दिवशी तोच क्रमांक तपासतो. जखमी माणसाला भरपाई मिळवून देण्यासाठी कायद्यानं विमा कंपनीच्या हरकती मर्यादित ठेवल्या आहेत. स्वतःच्या ट्रकच्या नुकसानीचा दावा मात्र न कळवलेल्या बदलावर फेटाळला जाण्याचा धोका पूर्णपणे मालकाचा.

याच कलम ५२ मध्ये एक पोटकलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार अधिसूचनेनं असा अधिकार देऊ शकतं की, त्यानं आपल्या गाडीत त्याच कंपनीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आधी मंजुरी न घेता बदलावं. अट एवढीच की चौदा दिवसांत कळवून नोंद करून घ्यावी. मोठ्या ताफ्यांसाठी ही सोय आवश्यकच आहे. एसटीचं पाहा. कळमनुरीचं आगार परभणी विभागात येतं. अशा आगारातली बस इंजिन दुरुस्त होईपर्यंत आठवडाभर उभी ठेवणं परवडत नाही. मोठे ताफे दुरुस्त करून ठेवलेलं तयार इंजिन चढवतात, उतरवलेलं कार्यशाळेत जातं आणि पुढे दुसऱ्या बसला लागतं. पण मग एकाच ट्रकच्या मालकाची निकड कमी आहे का? त्याची एकच गाडी उभी राहिली की त्याचं सगळं घर उभं राहतं. कलमाच्या भाषेत भरवसा दहा गाड्यांपासून सुरू होतो. याला गणिताचा किंवा अभियांत्रिकीचा आधार मला सापडत नाही.

एकट्या कारागिराच्या कसबाचीही अशीच गत होते. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिरानं भंगारातले भाग जोडून, लाथ मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच दमात म्हटलं की ती नियमांत बसत नाही, अधिकारी ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत, म्हणून ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. पुढे तसं झालंही. त्या कुटुंबाला नवी गाडी मिळाली, ही चांगलीच गोष्ट. तरीही त्या कसबासाठी आपल्या व्यवस्थेत कोणतीही खिडकी नव्हती, हे त्यातून स्पष्ट दिसलं. एका उद्योगपतीच्या उदारपणानं एक प्रसंग निभावला, धोरणाची जागा तो घेऊ शकत नाही.

बाहेरच्या जगात अशा खिडक्या आहेत, आणि त्या ढिल्या नाहीत. जर्मनीत मालकानं बदललेली गाडी अधिकृत तपासनिसाकडे न्यायची. तो त्या एकाच गाडीची परीक्षा घेतो आणि पसंत पडली तर कागदावर नोंद होते. ऑस्ट्रेलियात जड वाहनांच्या बदलांची राष्ट्रीय संहिता आहे. तिचा पहिला विभागच इंजिनाचा. मान्यताप्राप्त अभियंता काम तपासतो आणि गाडीवर बदलाची पाटी ठोकतो. ब्रिटनमध्ये खूप बदललेल्या गाडीनं आपला जुना नोंदणी क्रमांक राखावा की नाही हे ठरवायला कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती: आठ गुण हवेत, त्यात चेसिसला पाच, गिअरबॉक्सला दोन आणि इंजिनाला फक्त एक. आपल्याकडे इंजिनाचा क्रमांक चेसिसच्या बरोबरीनं गाडीची ओळख ठरवतो. तिथे इंजिन हा सगळ्यात हलका भाग होता. अमेरिकेचं बोट धुरावर असतं. तिथलं धोरण असं की, बसवलं जाणारं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं आणि तिथल्या प्रदूषण प्रमाणपत्रातलंच हवं. त्यामुळे तिथे परदेशातलं, प्रमाणपत्र नसलेलं डिझेल इंजिन पिकअपमध्ये टाकणारा माणूस आपल्या कळमनुरीच्या मालकाइतकाच अडकतो. तरी तिथे निकष तपासता येण्याजोगा आहे.

आपल्याकडे दार पूर्ण बंद आहे असंही नाही. ते डिझेलकडून डिझेलकडे उघडत नाही, गॅसकडे आणि विजेकडे उघडतं. कलम ५२ मध्येच सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या संचांना मुभा आहे. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनं बीएस-६ च्या ३.५ टनांखालच्या गाड्यांत डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजीचं इंजिन बसवायलाही परवानगी दिली. अट अशी की संच बनवणाऱ्यानं मान्यता घेतलेली असावी आणि ती दर तीन वर्षांनी नवी करावी. एसटीनं आपल्या ५,००० डिझेल बस एलएनजीवर चालवण्याची योजना जाहीर केली, ती याच दिशेची. म्हणजे इंजिनबदल तत्त्वतः अशक्य नाही, हे सरकारलाही मान्य आहे. मान्यता संचाला द्यायची आणि तो बसवणाऱ्याला जबाबदार धरायचं, ही पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे. मग जुन्या ट्रकांसाठी, त्यांच्या मूळ मानकापेक्षा वरच्या मानकाचं आणि भारतातच प्रमाणित झालेलं डिझेल इंजिन, जोडाची प्लेट, माउंटिंग, कॉम्प्रेसर आणि वायरिंगसकट तपासलेल्या संचात का मिळू नये? पुण्यातली एखादी संस्था तो संच एकदा तपासेल, जिल्ह्याच्या ठिकाणी रोलरवर ब्रेक आणि धूर तपासला जाईल, आणि नोंद होईल. पर्किन्सनं नव्वद वर्षांपूर्वी जवळपास हेच केलं होतं.

ते होईपर्यंत आपल्या मालकापुढे रीतसर वाट आहे ती त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाची. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून दुरुस्त केलेलं किंवा नवं इंजिन घ्यायचं. बिलावर नव्या इंजिनाचा क्रमांक आणि आपल्या गाडीचा चेसिस क्रमांक दोन्ही छापून घ्यायचे. गाडीवर कर्ज असेल तर वित्त कंपनीची लेखी संमती काम सुरू होण्याआधी हातात हवी. भाडेखरेदीच्या गाडीबाबत तर कलम ५२ मध्येच तसं सांगितलं आहे. अर्ज आधी करायचा, इंजिन नंतर उतरवायचं. गाडी निरीक्षकाला दाखवून आरसीवर नवा क्रमांक चढवून घ्यायचा आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीलाही कळवायचं. आणि जुना ब्लॉक भंगारात देताना त्यावरच्या क्रमांकासह पावती घ्यायची. कारण तो ब्लॉक उद्या दुसऱ्या कुठल्या ट्रकमध्ये निघाला, तर त्या क्रमांकावरून शोध घेणारे आधी याच मालकाच्या नावापर्यंत येतील, आणि तेव्हा दाखवायला त्याच्याकडे ती पावतीच असेल.